हप्ता आणि हंगाम

१२ मे १८७५ हा पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी गावातील सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला आणि हाती लागले ते कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुढील काही दिवसांत हा वणवा शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत अशा तालुक्यांतून पसरला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने हा प्रसंग इतिहासात नोंदला गेला आहे. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्या चौकशीत एक गोष्ट ठळकपणे दिसून आली. जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. जेथे रोखे निमूटपणे हवाली झाले तेथे बहुधा कोणाला इजा झाली नाही. जेथे ते देण्यास नकार मिळाला तेथे बळाचा वापर झाला. बहुतेक दंगेखोरांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही आपले दारिद्र्य कोणत्या कागदावर लिहून ठेवलेले आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या घटनेला दीडशे वर्षे उलटली. या काळात गरीब कुटुंबाला कर्ज द्यावे कसे, आणि त्या कर्जाने त्याचे भले होते की नाही, या प्रश्नाने भारताची पाठ सोडलेली नाही. सहकारी पतपेढ्या, राष्ट्रीयीकृत बँका, बचत गट आणि अलीकडील सूक्ष्मवित्त संस्था ही त्याच प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरे होत. या उत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. चर्चा बहुतेक वेळा व्याजाच्या दराभोवती फिरली. परंतु गरीब घराच्या दृष्टीने दराइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आहे ते पैसे कधी मिळतात आणि कधी परत मागितले जातात याला. त्या घरात उत्पन्न हंगामाने येते आणि मागणी हप्त्याने होते. या दोहोंचा मेळ जेथे बसला तेथे कर्ज उपकारक ठरले. जेथे तो बसला नाही तेथे तेच कर्ज घराच्या मुळावर आले.

दख्खनच्या रयतेला कर्ज नवे नव्हते. पेरणीच्या वेळी सवाईने वा दिढीने धान्य उचलावे आणि सुगीला ते फेडावे, हा जुना परिपाठ होता. त्या व्यवहारात पिळवणूक नव्हती असे म्हणता येणार नाही. परंतु सावकार हाही गावातलाच असे, गावाच्या संमतीवाचून त्याची वसुली होत नसे, आणि पीक बुडाले तर त्यालाही थांबावे लागे. इंग्रजी अमलात ही चौकट बदलली. जमिनीचा सारा रोख आणि ठरलेल्या हप्त्यांनी द्यावयाचा झाला, मग पाऊस पडो वा न पडो. दिवाणी न्यायालये आली, आणि सावकाराला गावाऐवजी न्यायालयाचा आधार मिळाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. ऋणकोचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जुना रोखा मोडून नवा करण्यात येऊ लागला; साचलेले व्याज मुद्दलात मिळवले जाऊ लागले आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढू लागले.

याच सुमारास दूर अमेरिकेत घडलेल्या एका घटनेची त्यात भर पडली. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी भाव आला. दख्खनमध्ये पैसा खेळू लागला. कर्ज मागावे आणि मिळावे अशी स्थिती झाली. युद्ध संपताच भाव उतरले. त्याच दशकाच्या अखेरीस जमाबंदीची फेरपाहणी होऊन अनेक तालुक्यांत सारा वाढला. म्हणजे उत्पन्न घटले, मागणी वाढली, आणि नेमक्या त्याच वेळी सावकाराने हात आखडता घेतला. आधी सुलभ पैसा, मग अकस्मात कोरड, आणि मधल्या काळात केलेले रोखे मात्र कायम, असा हा क्रम आहे. तो ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढे एकविसाव्या शतकातही त्याची पुनरावृत्ती व्हावयाची होती.

दंग्यांचे फलित म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना तो लागू झाला. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता मूळ देणेघेणे काय होते हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कर्जापायी होणारी कैद बंद झाली. आणि ऋणकोच्या ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून देण्याची सोय झाली.  परंतु कायद्याने सावकाराचा हात धरला, त्याची जागा घेणारे दुसरे कोणी उभे केले नाही. परिणामी पत आटली. जे कर्ज मिळे ते गहाणखताऐवजी खरेदीखताच्या मिषाने मिळू लागले, आणि त्यात जमीनच हातची जाण्याचा धोका वाढला. विल्यम वेडरबर्न यांनी आणि त्यांच्यासमवेत न्यायमूर्ती रानडे यांनी ही उणीव ओळखली होती. पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल शेतकी बँक काढावी, अशी योजना १८८० नंतरच्या काळात पुण्यातून पुढे आली. हिंदुस्थान सरकारने तिला अनुकूलता दर्शविली. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली.

पुढील उत्तर जर्मनीतून आले. १८४६–४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात ऱ्हाईन प्रांतातील वायरबुश या खेड्याचे महापौर फ्रिड्रिख विल्हेल्म रायफायझेन यांनी गरिबांसाठी उधारीच्या भाकरीची व्यवस्था केली होती. त्या अनुभवातून वाढत जाऊन १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्यांची कर्जसंस्था उभी राहिली. एका गावापुरते क्षेत्र, सभासदांची अमर्याद जबाबदारी, बिनपगारी कार्यकर्ते आणि नफावाटपाला फाटा, ही तिची सूत्रे होती. त्याच काळात शहरी कारागिरांच्या पतपेढ्या काढणारे शुल्झ-डेलित्श यांच्याशी रायफायझेन यांचा मोठा वाद झाला, आणि त्यातील एक मुद्दा मुदतीचा होता. कारागिराला तीन महिन्यांचे कर्ज पुरते, कारण त्याचा माल तेवढ्यात विकला जातो. शेतकऱ्याला वर्षांची मुदत हवी, कारण जमीन आपल्याच गतीने देते. रायफायझेन यांनी लांब मुदतीचा आग्रह सोडला नाही.

मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ व १८९७ मध्ये दोन खंडांत सादर केलेल्या अहवालात याच पद्धतीचा पुरस्कार केला, आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा संमत झाला. तत्कालीन मुंबई इलाख्यात, धारवाड भागातील कणगिनहाळ येथे १९०५ मध्ये निघालेली सोसायटी ही या चळवळीच्या अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. तथापि पन्नास वर्षांनंतर हिशेब मांडला गेला तेव्हा तो निराशाजनक निघाला. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिच्यात धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ होते, अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी. आणि सुमारे ७० टक्के कर्ज अजूनही सावकाराकडूनच येत होते. सावकार महाग होता हे खरे. पण तो मध्यरात्रीही दार उघडत होता, कारण विचारीत नव्हता, आणि कागदपत्रांसाठी खेटे घालावयास लावीत नव्हता. त्याची ही बाजू नजरेआड करून त्याला पर्याय उभा करता येत नाही, हा त्या आकडेवारीचा खरा बोध होता.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने हे काम अंगावर घेतले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, आणि १९८० मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातील सर्व विकासगटांत पोहोचला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला अनुदानासह कर्ज द्यावे, त्यातून त्याने गाय, म्हैस, शेळ्या वा शिवणयंत्र घ्यावे, अशी कल्पना होती. हेतू उदात्त होता. परंतु चारा कोठून यावा, दूध कोणी विकत घ्यावे, म्हैस आटली तर त्या महिन्यांत हप्ता कशातून द्यावा, यांची उत्तरे प्रत्येक गावी सिद्ध नव्हती. थकबाकी वाढली, १९९० मध्ये कर्जमाफी आली, आणि गरीब माणूस कर्ज फेडीत नाही असा समज बँकांच्या व्यवहारात घट्ट बसला.

हा समज खोटा ठरविण्याचे काम एव्हाना इतरत्र सुरू झाले होते. अहमदाबादेत १९७४ मध्ये इला भट्ट यांच्या पुढाकाराने ‘सेवा’ या संघटनेच्या चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक स्थापन केली. या स्त्रिया डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या अशा होत्या. सही न येणाऱ्या खातेदाराची ओळख कशी पटवावी, ही अडचण पासबुकावर छायाचित्र लावून सोडविण्यात आली. बांगलादेशात चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये शेजारच्या जोबरा गावातील बेचाळीस माणसांना आपल्या खिशातून रक्कम दिली. सगळ्यांची मिळून गरज २७ डॉलरांपेक्षा अधिक नव्हती. १९८३ मध्ये या प्रयोगाची ग्रामीण बँक झाली. पाचजणींचा गट, तारण नाही, आणि दर आठवड्याला सर्वांसमक्ष हप्ता, ही तिची रीत जगभर पसरली. भारतात ‘मायराडा’ या कर्नाटकातील संस्थेच्या अनुभवाच्या आधारे ‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. भिशीची सवय असलेल्या आपल्याकडील स्त्रियांना बचत गटाची कल्पना परकी वाटली नाही. गटाने आधी बचत करावी, त्यातून आपसात कर्ज द्यावे, आणि परतफेडीची मुदत गटानेच ठरवावी, हा यातील विशेष होय.

साप्ताहिक हप्त्याच्या मागे एक साधा विचार होता. गरिबाजवळ मोठी रक्कम एकदम साचत नाही, तेव्हा थोडे थोडे घ्यावे. रोज रोकड हाती येणाऱ्या भाजीवालीला किंवा चहाच्या टपरीवाल्याला हे सोयीचे होते, आणि वसुली तर उत्तमच होत असे. परंतु या व्यवस्थेचे गणित पाहण्यासारखे आहे. २००६ च्या सुमारास हैदराबादेतील एका सूक्ष्मवित्त संस्थेचे पहिले कर्ज १०,००० रुपयांचे असे; मुदत ५० आठवडे आणि व्याज वरकरणी १२ टक्के. मुद्दल आणि बाराशे रुपये व्याज मिळून आठवड्याचा हप्ता सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतो. पण पहिल्या आठवड्यापासून मुद्दल कमी होऊ लागते. वर्षभराची सरासरी धरली तर ऋणकोच्या हाती साधारण निम्मीच रक्कम राहते, आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर आकारलेले असते. म्हणून खरा दर २४ टक्क्यांच्या घरात जातो. सावकाराच्या दराच्या मानाने हाही कमीच. परंतु याहून मोठी गोष्ट अशी की, दुसऱ्या आठवड्यात फळ देईल असाच धंदा या पैशातून करता येतो. शेळीचे करडू वाढावयास महिने लागतात, डाळिंबाला वर्षे लागतात. हप्ता तोवर थांबत नाही.

मग या कर्जाने कुटुंबाची स्थिती सुधारते काय? प्रारंभी उत्तर ठाम होकारार्थी होते. बांगलादेशातील पाहणीवरून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात, स्त्रियांना दिलेल्या दर शंभर टक्यांमागे घरखर्चात वर्षाला अठरा टक्यांची वाढ होते, असा निष्कर्ष निघाला होता. (टका हे तेथील नाणे.) तोच कच्चा तपशील पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी फेरतपासला, तेव्हा त्यातून असा निर्णय देता येत नाही असे २००९ मध्ये त्यांनी दाखविले. अडचण उघड आहे. जो कर्ज घेण्यास पुढे येतो तो बहुधा मुळातच अधिक धडपड्या असतो. त्याची भरभराट कर्जाने झाली की धडपडीने, हे कसे ठरवावे?

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, रेचेल ग्लेनरस्टर व सिंथिया किनन यांनी हैदराबादेतील १०४ वस्त्या निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांतील ५२ वस्त्यांत सूक्ष्मवित्त संस्थेने आधी शाखा काढली आणि उरलेल्या ५२ मध्ये नंतर. सुमारे दीड वर्षाने आणि पुन्हा त्यानंतर दोन वर्षांनी, दोन्हीकडच्या हजारो कुटुंबांची पाहणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साही मंडळींना आणि टीकाकारांनाही अडचणीत टाकणारे होते. पहिली गोष्ट, दारापर्यंत आलेले हे कर्ज पात्र कुटुंबांपैकी सुमारे चतुर्थांशांनीच घेतले. सर्व गरीब कर्जासाठी आसुसलेले असतात हा समज खरा नव्हता. दुसरी, ज्यांचा आधीपासून धंदा होता त्यांनी त्यात अधिक भांडवल घातले, आणि त्यांच्यातील भरभराटलेल्यांचा नफाही वाढला. तिसरी, घरात टिकाऊ वस्तूंवरील खर्च वाढला आणि पान, तंबाखू, दारू, सणसमारंभ यांवरील खर्च घटला. परंतु कुटुंबाचा एकूण घरखर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा घरातील निर्णयांत स्त्रीचा अधिकार यांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. त्याच वर्षी बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को येथील अभ्यास हैदराबादच्या अभ्यासाबरोबर एकत्र प्रसिद्ध झाले. सर्वांचा सूर एकच होता: सूक्ष्मवित्ताने थोडे भले होते, कायापालट होत नाही.

कायापालट होत नसेल तर कोट्यवधी कुटुंबे हे कर्ज पुन्हा पुन्हा का घेतात? याचे उत्तर गरीब घराच्या रोजच्या जमाखर्चात आहे. बांगलादेश, भारत व दक्षिण आफ्रिका या देशांतील अडीचशेहून अधिक कुटुंबांच्या पैशाच्या नोंदी पंधरवड्या-पंधरवड्याने वर्षभर ठेवण्यात आल्या, आणि त्यांवरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की गरिबाचे उत्पन्न केवळ अल्प नसते, ते अनिश्चितही असते. पेरणीच्या दिवसांत मजुरी मिळते, भर पावसाळ्यात चूल थंड राहते. आजारपण, शाळेची फी, मयत, लग्न हे खर्च कोणाच्या सोयीने येत नाहीत. अशा घराला कर्ज हवे असते ते बहुतेक वेळा उद्याचे उत्पन्न आज वापरण्यासाठी. महाराष्ट्रात आदिवासींना पावसाळ्याच्या तोंडावर देण्यात येणाऱ्या कर्जाला ‘खावटी’ असे अन्वर्थक नाव आहे. अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत असे कर्ज अनुत्पादक म्हणून हिणवले गेले. परंतु त्या चार महिन्यांत शेळी विकावी लागली नाही, मुलाला शाळेतून काढावे लागले नाही, तर त्या कर्जाने काहीच उत्पन्न केले नाही असे कसे म्हणावे?

हप्त्याच्या लयीचे महत्त्व कोलकात्यातील एका प्रयोगाने स्पष्ट केले. तेथे काही ऋणको स्त्रियांना पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी द्यावयाचा होता, तर काहींना दोन महिन्यांची सवड देण्यात आली. रक्कम तीच, दर तोच. ज्यांना सवड मिळाली त्यांनी धंद्यात अधिक पैसा गुंतविला, आणि तीन वर्षांनंतर त्यांचा नफा इतरांहून अधिक आढळला. मात्र त्यांच्यात हप्ते थकण्याचे प्रमाणही अधिक होते. या निष्कर्षात सूक्ष्मवित्ताची सारी कोंडी सामावलेली आहे. जी शिस्त धनकोचा पैसा सुरक्षित ठेवते तीच ऋणकोला धाडस करू देत नाही. खुद्द ग्रामीण बँकेला हे अनुभवाने उमगले होते. १९९८ च्या महापुरानंतर परतफेड कोलमडली, तेव्हा २००१–०२ मध्ये तिने आपली रीत बदलली. हप्ते परिस्थितीप्रमाणे बदलून देण्याची सोय केली आणि ऐच्छिक बचतीला महत्त्वाचे स्थान दिले.

भारताला हा धडा अधिक कठोरपणे मिळाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बँका व गुंतवणूकदार यांचा पैसा सूक्ष्मवित्त कंपन्यांकडे वाहू लागला, आणि त्याचा मोठा ओघ आंध्र प्रदेशात गेला. एकेका घरात तीन-तीन, चार-चार संस्थांची कर्जे झाली. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जाऊ लागला. २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात प्रशासनाने काही शाखांना टाळे लावले, तरीही विस्तार थांबला नाही. २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीचे भाग शेअर बाजारात चढ्या भावाने विकले गेले, आणि त्याच वर्षी वसुलीच्या जाचाच्या व आत्महत्यांच्या बातम्यांनी राज्य हादरले. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारने वटहुकूम काढला, आणि राज्यातील वसुली जवळजवळ बंद पडली. येथवर सुप्याच्या कथेशी असलेले साम्य नजरेत भरते. कर्जाचा पूर बाजाराच्या दूरवरच्या तेजीतून आला, ऋणकोच्या गरजेतून वा ऐपतीतून आला नाही. आणि तो ओसरला तोही एकाएकी.

तो ओसरल्याने काय झाले, याचाही अभ्यास झाला आहे. आंध्रात पैसा अडकलेल्या संस्थांना देशाच्या इतर भागांतही कर्जे आवरावी लागली. ज्या जिल्ह्यांत अशा संस्थांचा पसारा मोठा होता तेथे शेतमजुरीचे दर आणि घरखर्च खाली आले, असे एमिली ब्रेझा व सिंथिया किनन यांना आढळले. कर्ज घेऊन दुकान किंवा शेती चालविणारा माणूस दोन मजूर लावतो. त्याची पत आटली की ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्या मजुराचाही रोज बुडतो. १८७९ नंतर दख्खनमध्ये पत आटली तेव्हाही असेच काही घडले असेल, असा तर्क करावयास जागा आहे. कर्ज देण्याने दारिद्र्य हटत नाही, म्हणून ते बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही.

आंध्रच्या अनुभवानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला. व्याजाला मर्यादा घालावी या शिफारशीचा गाजावाजा अधिक झाला. परंतु कर्ज दिल्यावर पहिला हप्ता येण्यापूर्वी काही सवड असावी, आणि परतफेड साप्ताहिक, पाक्षिक की मासिक हे ऋणकोने ठरवावे, या तिच्या सूचना दूरदर्शीपणाच्या होत्या. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी व्याजदराची मर्यादा काढली. मात्र वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, असे बंधन घातले. एका संस्थेचे कर्ज न पाहता साऱ्या घराचा बोजा पाहावयाचा, ही दृष्टी स्वागतार्ह आहे. तरीही बारा महिने सारखेच उत्पन्न येणारे घर हे या नियमाने गृहीत धरले आहे. आणि ज्यांच्यासाठी नियम आहे त्यांतील बहुतेकांची घरे तशी नाहीत.

आणखी एक मर्यादा ओळखणे जरूर आहे. ज्यांच्याजवळ काहीच नाही अशा निराधार कुटुंबांना कर्ज हे साधनच लागू पडत नाही. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात अशा कुटुंबांना शेळ्या, गाय किंवा छोट्या दुकानाचा माल विनामूल्य देण्यात आला, काही महिने पोटापुरती रक्कम आणि वर्ष-दीड वर्ष घरी येऊन मार्गदर्शन करण्यात आले. अनेक वर्षांनंतरही त्यांची स्थिती इतरांहून चांगली राहिल्याचे पाहणीत दिसून आले. ज्याला उभे राहावयाचे आहे त्याला आधी जमीन पायाखाली लागते; हप्ता त्यानंतर मागावा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक राज्याने सूक्ष्मकर्जाच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. सुप्याच्या दंग्याला त्या वर्षी दीडशे वर्षे पूर्ण झाली. मधल्या काळात सावकाराची जागा कंपनीने घेतली, रोख्याच्या जागी संगणकातील नोंद आली, आणि वसुलीसाठी कारकून मोटारसायकलवरून फिरू लागला. कायद्याचे रक्षण आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु १८७९ च्या कायद्याने दिलेला धडा हाच की, केवळ वसुलीला लगाम घातल्याने पत निर्माण होत नाही. जेथे कुटुंबाला आपली बचत सुखरूप ठेवण्याची जागा आहे, पीक विकले जाईपर्यंत किंवा दुभते जनावर व्याईपर्यंत थांबणारी परतफेड आहे, आणि आजारपणाचा खर्च कर्जावाचून भागण्याची सोय आहे, तेथे लहान कर्ज आपले लहान काम प्रामाणिकपणे करते. त्याहून मोठे काम त्याच्यावर लादले की भुर्दंड ऋणकोच्या घरालाच भरावा लागतो. सुप्याच्या बाजारात जळालेल्या कागदांवर रक्कम, व्याज आणि मुदत हे सारे नमूद होते. त्या वर्षी पाऊस किती झाला याची नोंद मात्र त्यांवर नव्हती, आणि कर्जाच्या करारात तिला स्थान देण्याचे काम अजून पुरे व्हावयाचे आहे.